टोइंगचा आकडा आला कुठून?

पिकअपच्या जाहिरातीत ओढण्याच्या क्षमतेचा आकडा सर्वांत ठळक असतो. पण तो ठरवायची सगळ्यांना एकच रीत अलीकडची आहे. ट्रेलर ओढणे त्याहून खूप जुने.

१९१४ मध्ये डेट्रॉइटचे लोहार ऑगस्ट फ्रुहॉफ यांच्याकडे सिब्ली नावाचे लाकडाचे व्यापारी आले. आपली बोट मोटारीमागून न्यायची होती. फ्रुहॉफनी फोर्ड मॉडेल टीला जोडायचा ट्रेलर करून दिला. तो इतका पसंत पडला की सिब्लींनी लाकूड वाहायलाही तसेच ट्रेलर मागवले. अमेरिकेतल्या अवजड सेमी-ट्रेलरच्या (ज्याचा पुढचा भार ओढणाऱ्या गाडीवर टेकतो) मोठ्या धंद्याची सुरुवात अशी एका हौसेच्या बोटीपासून झाली!

फोर्डने १९२५ मध्ये कारखान्यातच बांधलेली पिकअप २८१ डॉलरला विकायला काढली. तरी १९३६चा एअरस्ट्रीम क्लिपरसारखा कॅम्पर, म्हणजे राहण्याची सोय असलेला ट्रेलर, ओढायला साधी मोटारही चाले, कारण तेव्हा बहुतेक मोटारींखाली स्वतंत्र चासी, म्हणजे भार पेलणारा पोलादी सांगाडा, असायची. पुढे मोटारी लहान झाल्या, चासी गेली. पिकअपची राहिली, आणि ओढायचे काम तिच्याकडे आले.

१९८९च्या मॉडेलपासून डॉजने पिकअपमध्ये ५.९ लिटरचे कमिन्स डिझेल इंजिन दिले. ताकद १६० अश्वशक्तीच, पण टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ४०० पौंड-फूट. पुढे आकड्यांची चढाओढ वाढत गेली. परीक्षा घेणारी कंपनी आणि गुण देणारीही तीच, मग आकडे फुगणारच.

यावर उतारा म्हणून एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने २००८ मध्ये जे२८०७ हे मानक काढले. त्यातली कसोटी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या घाटावर बेतलेली आहे: सुमारे १८ किलोमीटरची चढण, रणरणते ऊन, एसी पूर्ण चालू, आणि वेग साधारण ताशी ६४ किलोमीटरच्या खाली जाता कामा नये. टोयोटाने २०११च्या टुंड्राला ते आधी लावले आणि स्वतःचाच आकडा खाली आणला. अमेरिकी कंपन्या मात्र ‘आधी तू’ करत राहिल्या. त्यांच्या हलक्या पिकअप २०१५च्या मॉडेलपर्यंत या मानकावर आल्या.

तरीही छापील आकड्यात चालक आणि शेजारचा प्रवासी प्रत्येकी ६८ किलोचेच धरलेले असतात. त्यात ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार हिचच्या (ट्रेलर जोडायच्या आकड्याच्या) बॉलवर ठेवावा लागतो. तो कमी पडला की मागचे धूड वेगात डोलू लागते. हा भार पेलोडमधून, म्हणजे गाडी स्वतःच्या अंगावर वाहू शकते त्या वजनातून, वजा होतो. मागच्या सीटवर घरची मंडळी आणि हौद्यात सामान असेल, तर इंजिन दमायच्या कितीतरी आधी पेलोड संपतो.