तोंडी बोलीवरची खोली: कायद्याची पार्श्वभूमी

महिन्याचे भाडे ठरवायचे, डिपॉझिट द्यायचे आणि किल्ली घ्यायची, एवढ्यावर कोल्हापुरात आजही खोल्या मिळतात. १९६२ साली विद्यापीठ आले, पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावला कारखाने उभे राहिले, तशी राजारामपुरीपासून सागरमाळापर्यंत एका खोलीला मागणी वाढली. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याला अशा व्यवहाराचे वावडे नव्हते. ताबा दिला की वर्षभरापर्यंतचा तोंडी करार चाले आणि महिन्याच्या भाडेकरूला उठवायला १५ दिवसांची नोटीस पुरे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मात्र भाडे गोठवले आणि भाडेकरूला हलवणे अवघड केले. त्यातून सुटायला मालक 'लिव्ह अँड लायसन्स'कडे, म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता ठराविक मुदतीपुरती राहण्याची नुसती परवानगी देण्याकडे वळले.

मग १९७३ ची दुरुस्ती आली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर निदान एका खोलीत राहणारा माणूस कायद्याने भाडेकरू ठरला. कागद केला की खोली गेली, ही जुन्या पेठांतल्या घरमालकांची भीती मुख्यतः तिथली आहे. पिढी बदलली तरी ती गेलेली नाही.

खरा वाद आहे तो १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातल्या कलम ५५ चा. हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. करार भाड्याचा असो की लायसन्सचा, तो लेखी हवा, नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरायचे. ते खोटे ठरवायचे असेल तर पुरावा मालकाने आणायचा. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मालकांना हा अन्याय वाटतो. मला तो न्याय्य वाटतो. घर ज्याचे, व्यवहाराच्या अटी ठरवणार तोच. मग कागद न करण्याचा तोटा परगावाहून आलेल्या पोराने का सोसावा?

शिवाय मालकाचेही यात नुकसानच आहे. लायसन्सची मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडून, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडून, लवकर ताबा मिळवायचा तर कलम २४ खाली लेखी करारच कामी येतो. तो नसेल तर दिवाणी न्यायालयाची लांबची वाट. अकरा महिन्यांचा नोटरी केलेला करारही इथे पुरत नाही. वर्षाच्या आतल्या करारांना नोंदणी लागत नाही, हा जुना समज या राज्यात २००० पासून गैरलागू आहे, तरी स्टॅम्पपेपरवर तेच चालू असते.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांत आणखी एक बाजू दिसली. पाणी शिरलेल्या घरात आपण राहत होतो हे दाखवायला तोंडी भाडेकरूजवळ फारसे काही नसते. आता नोंदणी ऑनलाइन होते, त्यासाठी कचेरीत खेटे घालावे लागत नाहीत. भाडे मोबाईलवरून भरले तर खात्यातली नोंद पावतीसारखी उपयोगी पडते. म्हणूनच भाडे रोखच हवे असा हट्ट धरणाऱ्या मालकाकडे दर महिन्याला सहीची पावती मागावी. ती देणे कायद्याने त्याच्यावर बंधनकारक आहे.