‘आणि’ की ‘किंवा’ : कॅनडातल्या स्पाउसल फायलींची पार्श्वभूमी

कॅनडातल्या माणसाने आपल्या नवऱ्याला किंवा बायकोला तिथे कायमचं राहायची परवानगी (पीआर) मिळावी म्हणून टाकलेला अर्ज म्हणजे स्पाउसल फाईल, आणि तिच्यासाठी "बारा महिने" हा आकडा सगळ्यांच्या तोंडात असतो. फाईल टाकली की माणूस दिवस मोजायला लागतो, तेरावा महिना लागला की झोप उडते, आणि घरून फोन येतो, "अगं अजून नाही का आलं काही, त्यांच्या सुनेचं तर सात महिन्यांत झालं म्हणे." पण हा आकडा कुठल्याच कायद्यात लिहिलेला नाही. डिसेंबर २०१६ मध्ये तेव्हाच्या सरकारने जाहीर केलं की जोडीदाराच्या फायली बारा महिन्यांत निकाली काढू. त्याआधी इनलँडवाले, म्हणजे कॅनडात आधीच एकत्र राहून अर्ज टाकलेले, दोन दोन वर्षं लटकलेले असायचे, त्यामुळे ही घोषणा म्हणजे दिवाळीच वाटली. वचन मात्र ८० टक्के फायलींचं होतं. म्हणजे पाचातली एक मागे राहणार हे घोषणेच्या दिवशीच धरलेलं होतं, आणि ती एक आपली निघाली की सगळा हिशोब फुकट. शिवाय घड्याळ सुरू होतं ते पूर्ण भरलेली फाईल पोचल्यावर. एक सही राहिली म्हणून सगळं परत आलं तर तोवर गेलेले आठवडे कोणी धरत नाही.

फार मागे जायचं तर १९०८ पर्यंत जाता येतं. तेव्हा कॅनडात नियम असा निघाला की मायदेशातून थेट, मध्ये न थांबता आलेल्यालाच उतरू द्यायचं. नियमात भारताचं नाव कुठेच नव्हतं, पण भारतातून तशी सरळ बोटच नव्हती, मग नाव लिहायची गरज काय. आधीच कॅनडात गेलेल्या, बहुतेक पंजाबी, पुरुषांच्या बायका त्यामुळे भारतातच राहिल्या. १९१२ साली दोन बायकांना उतरू दिलं ते "कृपा म्हणून", हा पायंडा समजू नका असं बजावून. १९१४ ला कोमागाटा मारू ही बोट ३७६ माणसं घेऊन व्हँकुव्हरला दोन महिने उभी राहिली ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. १९१९ ला बायका आणि लहान मुलांना कागदोपत्री परवानगी मिळाली, प्रत्यक्षात फार थोड्या पोचल्या. मग १९५१ चा भारतासाठी वर्षाला १५० जणांचा कोटा, १९६२ ला वंशाची अट बरीचशी गेली, १९६७ ला पॉइंट्स (शिक्षण, वय, भाषा वगैरे बघून गुण द्यायची पद्धत), आणि १९७६ च्या कायद्याने (लागू झाला १९७८ ला) फॅमिली क्लास हा नातेवाइकांना बोलवायचा वेगळा दरवाजा तयार झाला. आपली मराठी माणसं मुख्यतः या पॉइंट्सनंतरची. इंजिनियर नाहीतर डॉक्टर, महिन्याची रजा काढून पुण्याला किंवा ठाण्याला यायचं, कांदेपोहे, लग्न, परत, आणि बायको मागाहून. गोव्याच्या बऱ्याच लोकांची वाट वेगळी होती, १९७२ ला युगांडातून हाकलल्यावर ते अख्ख्या कुटुंबासकट आले.

आजच्या फाईलचा सांगाडा मात्र २००२ चा आहे. जून २००२ ला नवा कायदा लागू झाला, त्यात लग्न न केलेले जोडीदार धरले गेले, नवरा-बायकोसाठी स्पॉन्सरने, म्हणजे जोडीदाराला बोलवणाऱ्याने, घ्यायची आर्थिक हमी १० वर्षांवरून ३ वर आली, आणि कॅनडात आधीच एकत्र राहणाऱ्यांसाठी वेगळा वर्ग आला, म्हणजे आपण ज्याला इनलँड म्हणतो तो. "लँडेड इमिग्रंट" हा पीआरवाल्यांसाठीचा जुना शब्द कागदावरून गेला, पण आपण अजून "लँडिंग कधी केलंस" असंच विचारतो.

खरा घोळ आहे कुठलं लग्न धरायचं नाही हे सांगणाऱ्या नियम ४ चा, आणि त्यातल्या एका शब्दाचा.

२००२ च्या नियमावलीत असं होतं की लग्न नामंजूर करायचं तर दोन गोष्टी दिसल्या पाहिजेत : लग्न खरं नाही, आणि ते मुख्यतः इमिग्रेशनचा फायदा मिळवायला केलेलं आहे. दोन्ही. एक बाजू जरी तुम्ही सिद्ध केलीत तरी वाचलात. समजा परमिट संपत आलं म्हणून घाईत लग्न केलं, पण नंतर संसार नीट चालला, मूल झालं, तर फाईल टिकायची. त्याआधीच्या जुन्या नियमांतही असाच दुहेरी निकष होता. ३० सप्टेंबर २०१० ला हा "आणि" काढून तिथे "किंवा" टाकला. आता दोन्हींपैकी एक दिसलं तरी बास.

एका शब्दाने काय बिघडतं असं वाटेल. बिघडतं ते असं की दोन भागांचा काळ वेगळा आहे. एकात "केलं होतं" आहे, दुसऱ्यात "आहे". म्हणजे आज तुमचा संसार खरा आहे हे ऑफिसरला पटलं, तरी लग्नाच्या दिवशी तुमच्या मनात मुख्यतः काय होतं हा प्रश्न उरतोच, आणि त्या दिवशीचं मन आता दुरुस्त करता येत नाही. नंतर एकत्र काढलेल्या वर्षांचा पुरावा त्या दिवसाच्या हेतूवर प्रकाश टाकू शकतो असं कोर्टांनी म्हटलंय, पण ते अपिलात आणि कोर्टात, पहिल्या टेबलावर ते चालेलच असं नाही.

आणि त्यात तो "मुख्यतः". आपल्याकडे स्थळ येतं तेव्हा बायोडाट्याच्या पहिल्या ओळीतच "मुलगा कॅनडाला, पीआर" असतं. मुलीकडचे पत्रिका नंतर बघतात, आधी पीआर आहे की अजून वर्क परमिटवरच आहे ते विचारतात. याला कोणी फसवणूक म्हणणार नाही, जसं पूर्वी "मुलगा बँकेत आहे" तसंच हे. पण ऑफिसरने विचारलं की याच्याशीच का लग्न केलंत, तर प्रामाणिक उत्तरात कॅनडा येणारच, आणि कॅनडा आला की "मुख्यतः" किती टक्क्यांना सुरू होतं हे कोण ठरवणार? प्रेमविवाहवाल्यांकडे चार वर्षांचे चॅट असतात. ठरवून झालेल्या लग्नात दोन भेटी, तीन व्हिडिओ कॉल आणि साखरपुडा. आमच्यात केळवणाचे फोटो असतात, पण ताटाभोवतीची रांगोळी बघून ऑफिसरला काय कळणार की हा मावशीकडचा मान आहे म्हणून.

सरकारची बाजूही होती हे सांगायला हवं. खोटी लग्नं होत होती, पैसे घेऊन होत होती, आणि विमानतळावरूनच पसार झालेल्या नवऱ्यांच्या आणि बायकांच्या गोष्टी खऱ्या होत्या. कडक करा म्हणून मागे लागणाऱ्यांत फसवले गेलेले स्पॉन्सर स्वतःच होते. ठीक आहे. पण चाळणीची भोकं बारीक केल्यावर अडकले कोण, तर छोटं लग्न केलेले, दुसरेपणाचे, वयात अंतर असलेले, जातीबाहेर केलेले, म्हणजे "तुमच्या संस्कृतीत असं होत नाही" असं ज्यांच्या फाईलवरच्या ऑफिसरच्या नोट्समध्ये लिहिता येतं ते. रजिस्टर लग्न करून वीस माणसांना जेवण घालणारं मराठी कुटुंब ऑफिसरच्या डोक्यातल्या पाचशे माणसांच्या भारतीय लग्नात बसत नाही. नात्याची माहिती भरायच्या ५५३२ नंबरच्या फॉर्मवर लग्नाला किती माणसं होती ते विचारतातच.

यावरचा काळा विनोद २०२१ चा. २२ एप्रिल २०२१ ला महाराष्ट्रात नियम लागू झाला की लग्न २५ माणसांत आणि दोन तासांत उरकायचं, नाहीतर ५०,००० रुपये दंड. त्याच दिवशी कॅनडाने भारतातून येणारी थेट विमानं बंद केली, ती सप्टेंबरअखेरपर्यंत बंदच राहिली. त्या उन्हाळ्यात लग्न केलेल्यांना नंतर पत्रात समजावून सांगावं लागलं की मंगलाष्टका पण घाईत झाल्या आणि आत्या गावाकडून का आली नाही.

थोडं मागे येऊन २०१२, कारण "किंवा" एकटा नव्हता. मार्च २०१२ पासून स्पॉन्सर होऊन आलेल्याला पाच वर्षं नवा जोडीदार बोलावता येत नाही, हे अजून आहे. ऑक्टोबर २०१२ ला आणखी एक अट आली : नातं दोन वर्षांच्या आतलं आणि मूल नसेल तर पीआर मिळाल्यावरही दोन वर्षं एकत्र राहायचं, नाहीतर पीआर जाऊ शकतो. मारहाण होत असेल तर सूट होती, पण ते सिद्ध कोणी करायचं, तर नव्या देशात, भाषा धड येत नसलेल्या बाईने. "तुझा पीआर माझ्या हातात आहे" हे वाक्य त्या काळात किती स्वयंपाकघरांत बोललं गेलं असेल. बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी पहिल्यापासून विरोध केला, आणि एप्रिल २०१७ ला ती अट गेली. "किंवा" मात्र कोणी हलवला नाही. सरकार बदललं, १२ महिन्यांची घोषणा आली, फॉर्म सोपे झाले, तो शब्द तिथेच.

मार्च २०२० नंतरचं तर सगळं ताजं आहे. कोविडमुळे सीमा बंद झाली, जूनमध्ये जवळच्या कुटुंबाला सूट मिळाली, पण ती सूट उपयोगाची होती ती ज्यांना व्हिजिटर व्हिसा लागतच नाही त्यांना. फ्रान्सचा नवरा आला, नाशिकची बायको नाही, कारण तिला आधी व्हिसा पाहिजे आणि तो "तुम्ही परत जाल याची खात्री वाटत नाही" म्हणून नाकारला जायचा. गंमत म्हणजे कायद्यातच लिहिलंय की कायमचं राहायची इच्छा असणं हे तात्पुरतं येण्याच्या आड येत नाही, मुदत संपल्यावर माणूस परत जाईल एवढी खात्री पटली की झालं. कागदावर. सप्टेंबर २०२० ला फायली बघणारी माणसं ६६ टक्क्यांनी वाढवली असं सांगितलं गेलं. मे २०२३ ला त्यातला एक गुंता खरंच सुटला, थांबलेल्या जोडीदारांचे व्हिजिटर व्हिसा लवकर बघायचं ठरलं, आणि कॅनडात राहून आउटलँड, म्हणजे मुळात कॅनडाबाहेरच्या जोडीदारांसाठी असलेल्या वर्गातून, अर्ज टाकलेल्यांनाही ओपन वर्क परमिट (कुठल्याही मालकाकडे काम करता येणारं) मिळायला लागलं. तोवर निवड अशी होती की इनलँड टाकून काम करायचं आणि नाकारलं तर अपील नाही, किंवा आउटलँड टाकून अपिलाचा हक्क ठेवायचा आणि घरी बसायचं. माझ्या ओळखीत एका घरात यावरून सहा महिने भांडण चाललं होतं.

सुटला म्हणेपर्यंत ऑक्टोबर २०२३. दोन्ही देशांच्या भांडणात कॅनडाचे ४१ राजनैतिक अधिकारी भारतातून परत गेले, मुंबई, चंडीगड आणि बंगळूरुची प्रत्यक्ष कामं थांबली, आणि भारतात बसून इमिग्रेशन बघणारे २७ जण होते ते ५ वर आले. फायली दुसरीकडून बघतोय असं सांगितलं. बघत असतीलही.

मग आकडे. वर्षभरात किती जोडीदार आणि मुलांना पीआर द्यायचा याचं २०२४ चं लक्ष्य ८२,००० होतं, २०२५ साठी ७०,०००. फायली काही त्या प्रमाणात कमी झाल्या नाहीत, त्यामुळे बारा महिने का चुकतात हे शोधायला नोट्स मागवायची पण गरज नाही. क्वेबेक प्रांताचं तर वेगळंच राज्य, त्यांनी जून २०२४ पासून दोन वर्षांसाठी कुटुंबाच्या अर्जांवरच १३,००० ची मर्यादा घातली, तिथे नवरा असेल तर क्वेबेकमधलं मॉन्ट्रियल सोडून शेजारच्या ऑन्टारियोतल्या ऑटावाला जायचा सल्ला लोक अर्धवट थट्टेत देतात. एजंटांच्या बोर्डावरचा "स्पाउस व्हिसा" म्हणजे बऱ्याचदा विद्यार्थ्याच्या जोडीदाराचं वर्क परमिट, ते वेगळं, आणि जानेवारी २०२५ पासून तेही बरंच आवळलंय, दोन्ही एकत्र करू नका.

फीचं एक सांगते. १९९५ ला लँडिंगची वेगळी फी आली, ९७५ डॉलर. २००६ ला ती ४९० झाली, मग ५००, ५१५, आणि एप्रिल २०२४ ला ५७५.

पोचल्यानंतरची कथा वेगळी, पण तिच्यातही थांबणं आहेच. ऑन्टारियोत हेल्थ कार्डसाठी (सरकारी आरोग्य विम्यासाठी) तीन महिने थांबावं लागायचं ते मार्च २०२० मध्ये गेलं, ब्रिटिश कोलंबियात मात्र आलेला महिना आणि वर दोन महिने असं अजून आहे. सरकारी खर्चाने इंग्रजीचे वर्ग १९९२ पासून आहेत, आपल्या बायका "मला येतं इंग्रजी" म्हणून जात नाहीत, आणि मग पहिल्या जानेवारीत घरात एकट्या बसतात. आरटीओकडून लायसन्सच्या अनुभवाचं पत्र निघतानाच आणायला सांगा, इथून ते मागवणं म्हणजे सासऱ्यांना चार चकरा. आता येणाऱ्यांत नवरेही पुष्कळ आहेत, मुलगी इथे शिकून पीआर झालेली आणि मागून आलेला इंजिनियर नवरा गोदामात रात्रपाळी करतोय, आणि गावाकडे "सेटल झाला" एवढंच सांगितलेलं.

कारण "कॅनेडियन एक्सपिरियन्स", म्हणजे कॅनडात आधी काम केल्याचा अनुभव पाहिजे ही अट. ऑन्टारियोत २०१३ लाच मानवी हक्कांच्या धोरणात म्हटलं होतं की ही सरसकट अट म्हणजे भेदभाव. तेरा वर्षं गेली. १ जानेवारी २०२६ पासून तिथे २५ किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला नोकरीच्या जाहिरातीत आणि अर्जाच्या फॉर्ममध्ये ती अट लिहिता येत नाही. मुलाखतीत काय विचारायचं याबद्दल त्या कलमात काही नाही.