खुब्याचा सांधा एक सेंटिमीटर उघडताना

गुडघ्याची दुर्बीण शस्त्रक्रिया करून चार दिवसांत हिंडणारं माणूस बहुतेकांच्या ओळखीत असतं. त्यामुळे खुब्याचंही तसंच असणार, असं धरून चालतात. पण गुडघ्यात सलाइन भरलं की दुर्बिणीला जागा होते. खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा उखळीत खोल बसलेला असतो, त्याभोवती जाड आवरण आणि वरून दणकट स्नायू. १९३१ साली न्यूयॉर्कच्या मायकेल बर्मन यांनी मृतदेहांच्या सांध्यांत दुर्बीण घालून पाहिली, तेव्हा गोळा आणि उखळी यांच्यामध्ये सुई घालणं उघडच अशक्य आहे, असं त्यांनी लिहून ठेवलं. पाय ओढून धरल्याशिवाय ते आजही अशक्यच आहे.

ही ओढ म्हणजे या शस्त्रक्रियेचा जीव. पूर्ण भूल देऊन स्नायू सैल केले जातात, पाऊल पॅड लावलेल्या बुटात घट्ट बांधतात, जांघेत जाड गादीचा खांब ठेवतात आणि टेबलाचा स्क्रू फिरवत पाय ओढतात. हवी असते ८ ते १० मिलिमीटर फट. दुर्बीण ज्यातून आत जाते ती नळीच मुळी ५ मिलिमीटरच्या आसपास असते. फट कमी पडली तर ती गोळ्यावरची गुळगुळीत कूर्चा खरवडत आत जाते, आणि ती कूर्चा पुन्हा तशी उगवत नाही.

सांधा सहजी उघडत नाही याचं कारण फक्त स्नायू नव्हेत. उखळीच्या काठाला कूर्चेची लवचिक कड असते, लेब्रम. ती फाटली तर शिवायची, हेच या शस्त्रक्रियेतलं मोठं काम. ती गोळ्याला सगळीकडून चिकटून बसते आणि आतला द्रव बाहेर जाऊ देत नाही. ओढलं की आतला दाब उतरतो आणि बाहेरच्या हवेचा दाब गोळ्याला उखळीत दाबून धरतो. टाइलवर चिकटलेला रबरी हूक सरळ ओढून निघत नाही, कडेतून हवा शिरली की सुटतो. इथेही तेच करतात. सी-आर्मच्या (चालू शस्त्रक्रियेत एक्स-रे दाखवणारं यंत्र) पडद्यावर बघत लांब सुई गोळ्याला धरून आत सरकवायची आणि सुईतली तार काढायची. हवा आत शिरते, पडद्यावर काळी चंद्रकोर उमटते आणि ओढ न वाढवता फट रुंदावते. मग सुई काढून पुन्हा घालतात, कारण पहिल्या खेपेला फट अरुंद असताना ती लेब्रममधून गेलेली असू शकते. हाताला रबरासारखा चिवट अडथळा लागला तर सुई मागे घ्यायची. त्याच वाटेनं नळी घातली तर जी कड शिवायची तीच फाटते.

पुढचं काम ७० अंशांत वळून बघणाऱ्या दुर्बिणीनं चालतं. उखळीचा काठ बरनं (हाड तासणारं फिरतं टोक) जरासा खरवडून ताजा करतात, हाडात छोटे अँकर (दोरा ओवलेल्या खुंट्या) बसवतात आणि त्यांच्या दोऱ्यांनी लेब्रम परत काठाशी बांधतात. अँकरचं भोक काठाला फार जवळून आणि चुकीच्या कोनात पाडलं तर ड्रिल सांध्याच्या आत निघतं. दोरा फार आवळला तर कड बाहेरच्या बाजूला वळते आणि गोळ्याला टेकत नाही. शिवलेली दिसते, पण झाकण बसत नाही. एवढं सगळं शक्यतो दोन तासांच्या आत, कारण जांघेतल्या खांबाखाली पुडेंडल नस (जननेंद्रियाच्या भागाची संवेदना नेणारी) दाबली जाते. तिथला बधिरपणा बहुधा काही आठवड्यांत जातो, पण रुग्णाला आधी सांगायलाच हवा. काही ठिकाणी आता खांबच वापरत नाहीत. पाठीखाली न घसरणारी गादी घालून टेबल डोक्याकडे उतरतं करतात.

लेब्रम फाटते ती बऱ्याचदा हाडाच्या ठेवणीमुळे. गोळा आणि त्याखालची हाडाची मान जिथे जुळतात तिथे उंचवटा असेल तर मांडी पोटाशी घेताना तो काठावर आदळतो. ओढ सोडून, खुबा वाकवून तो तासतात. कमी तासला तर दुखणं राहतं. मानेच्या जाडीच्या ३० टक्क्यांपलीकडे गेलं तर हाड मोडायची भीती, आणि वर-मागच्या बाजूला गोळ्याला रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या असल्यानं तिथे फार जपून. शेवटी आवरणाला दिलेला छेद शिवतात; तो उघडा राहिला तर सांधा ढिला पडू शकतो.

हा उंचवटा हाडाचा असतो. तेल चोळून किंवा खुबा ‘बसवून’ तो विरघळत नाही. उलट, एमआरआयमध्ये लेब्रम फाटलेली दिसली म्हणून लगेच टेबलावर चढायचीही गरज नाही. काहीही न दुखणाऱ्या अनेकांच्या एमआरआयमध्ये ती तशी दिसते. अशा दुखण्यावर शस्त्रक्रिया आणि व्यायाम यांची तुलना करणाऱ्या ब्रिटनमधल्या ‘फॅशन’ चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली आले. त्यात शस्त्रक्रिया केलेल्यांना जास्त फरक पडला, पण नीट आखलेल्या व्यायामानंही लोक सुधारले होते. सांध्यातली जागा २ मिलिमीटरहून कमी उरली असेल, उखळी उथळ असेल, किंवा रक्तपुरवठा तुटून गोळा खचला असेल (एव्हीएन), तर लेब्रम शिवून दुखण्याचं मूळ जात नाही.

छिद्रं दोन-तीन आणि सेंटिमीटरभराची असली तरी कुबड्या साधारण दोन ते चार आठवडे लागतात. पाऊल जमिनीवर टेकवायचं, पण भार कुबड्यांवर. दुखणं लवकर थांबतं आणि लोक कुबड्या कोपऱ्यात ठेवून जिना चढतात. आत मात्र तासलेली मान अजून भरून यायची असते.