बार्बरा अ‍ॅलन (कथागीत)

इंग्रजीतील सर्वाधिक पसरलेल्या पारंपरिक कथागीतांपैकी एक. मूळ ब्रिटनमधले, पण अमेरिकेत ते असे रुळले की तिथल्या डोंगराळ भागातल्या गायकांना ते आपलेच वाटे. गोष्ट छोटी आहे. मरणाला टेकलेला तरुण बार्बराला बोलावणे धाडतो. ती सावकाश उठते, सावकाश येते, पलंगाचा पडदा सारते आणि एवढेच म्हणते की, तू मरणार असे दिसते. परतताना मृत्यूची घंटा वाजू लागते आणि प्रत्येक ठोक्यातून तिला स्वतःलाच दिलेला बोल ऐकू येतो. घरी येऊन ती आईला अंथरूण घालायला सांगते: तो आज माझ्यापायी गेला, उद्या मी त्याच्यापायी जाईन.

गाण्याचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख लंडनचा रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स याच्या रोजनिशीत, २ जानेवारी १६६६ रोजी सापडतो. नेप या नटीच्या तोंडून त्याने हे ‘छोटे स्कॉच गाणे’ ऐकले आणि तो खूश झाला. लोकगीत म्हटले की खेड्यातला गळा आठवतो. इथे पहिली ज्ञात गायिका लंडनच्या रंगभूमीवरची निघते. सतराव्या शतकाच्या अखेरीस ते रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या सुट्या छापील पानांवर आले. पुढे स्कॉटिश कवी अ‍ॅलन रॅम्झीने १७४० मध्ये स्कॉटिश पाठ छापला आणि १७६५ मध्ये टॉमस पर्सीने आपल्या संग्रहात इंग्लिश व स्कॉटिश असे दोन्ही पाठ घेतले. अमेरिकन अभ्यासक फ्रान्सिस जेम्स चाइल्डच्या कथागीतसंग्रहात त्याचा क्रमांक ८४, तर राउडच्या लोकगीतांच्या सूचीत ५४.

पाठांतरे असंख्य. स्कॉटिश पाठातला सर जॉन ग्रीम दुसरीकडे जेमी ग्रोव्ह होतो, अमेरिकेत बहुधा स्वीट विल्यम. कुठे पानगळीचा नोव्हेंबर, कुठे कळ्या फुगणारा मे. हे बदल वरवरचे. खरा फरक पडतो तो मद्यशाळेच्या कडव्याने. स्कॉटिश पाठात बार्बरा त्याला आठवण करून देते की, तू सगळ्यांच्या नावाने पेले उंचावलेस आणि मला डावललेस. म्हणजे तिच्या थंडपणाला कारण आहे. हे कडवे गळाले की तीच बाई विनाकारण निष्ठुर ठरते. काही गायक उलट त्यात भर घालतात: तरुण उत्तर देतो की पेला इतरांसाठी होता, पण प्रेम तुझ्यावरच. एका कडव्यावर निकाल फिरतो, असे दुसरे उदाहरण चटकन आठवत नाही.

शेवटी दोघांच्या थडग्यांतून गुलाब आणि काटेरी झुडूप उगवून एकमेकांत गुंफतात. श्रोत्यांना हाच भाग सर्वांत लक्षात राहतो. पण रॅम्झीच्या पाठात तो नाही. इतर कथागीतांतही हाच शेवट भेटतो. तिथूनच तो इथे येऊन चिकटलेला दिसतो.

इंग्लिश लोकगीत-संग्राहक सेसिल शार्पला १९१६ ते १९१८ दरम्यान अमेरिकेच्या पूर्वेकडील अपालाचियन डोंगरांत हे गाणे वेगवेगळ्या चालींत वारंवार मिळाले. ध्वनिमुद्रण आल्यावर नवा पेच उभा राहिला: मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत, म्हणून कडव्यांना कात्री लागे. १९२० च्या दशकाअखेर शिकागोच्या रेडिओवर गायक ब्रॅडली किनकेडने ते घरोघरी पोहोचवले. एव्हर्ली बंधूंनी १९५८ मध्ये, जोन बाएझने १९६१ मध्ये आणि आर्ट गारफंकेलने १९७३ मध्ये आपापल्या अल्बमांत ते घेतले.

अभ्यासकाने मात्र आधी ऐकावी ती १९६४ ची लायब्ररी ऑफ काँग्रेसची तबकडी. संगीत-अभ्यासक चार्ल्स सीगरने संपादित केलेल्या या तबकडीवर ठिकठिकाणच्या साध्यासुध्या गायकांकडून मिळालेले याच एका गाण्याचे तीस नमुने आहेत. सलग ऐकणे दमवणारे आहे, पण चाल कशी सरकत जाते ते कानांनाच कळते.

बॉब डिलनने १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या गॅसलाइट कॅफेत ते आठेक मिनिटे, कुठलीही घाई न करता गायले. ते ध्वनिमुद्रण अधिकृतपणे बाजारात आले २००५ मध्ये.