फेर (सोलापूर)

स्त्रियांनी रिंगण करून टाळ्यांच्या ठेक्यावर, स्वतःच गायलेल्या गाण्यांवर धरलेला सामूहिक नाच. सोलापुरात मराठी घरांतला हादगा-भोंडला आणि पूर्व भागातील तेलुगू भाषक पद्मशाली समाजाचा बतुकम्मा ही त्याची ठळक रूपे. त्याला ना वादक लागतो, ना पुरोहित. सगळा कारभार बायकांच्या हाती असतो.

सूर्य हस्त नक्षत्रात गेला की हादगा बसतो. पाटावरच्या हत्तीभोवती मुली फेर धरतात. ‘कारल्याचा वेल’ या पारंपरिक गाण्यात माहेरी जाऊ मागणाऱ्या सुनेला सासू एकेक अट घालत जाते. घरात जे बोलायची सोय नव्हती ते अंगणात दहाजणींच्या आवाजात गाता येई, आणि मग कुणा एकीला धरून जाब विचारणे अवघड होई.

बतुकम्मा भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस चालतो. तरवड, कुरडू, झेंडू, शेवंतीची फुले ताटात थरावर थर रचून निमुळता मनोरा करतात, वर हळदीची गौरम्मा म्हणजे गौरी बसवतात. एकजण ओळ सांगते, बाकीच्या ‘उय्यालो’ म्हणत कमरेत वाकून टाळी देतात आणि पाऊल पुढे टाकतात. पूर्व भागातल्या असंख्य स्त्रिया विडी कामगार आहेत. मांडीवर सूप, मान खाली. पाने कापायची, तंबाखू भरायची, दोऱ्याने बांधायची आणि हजाराचा हिशेब पुरा करायचा, यात त्यांचा दिवस जातो. संध्याकाळी त्याच बायका गल्लीचा रस्ता अडवून नाचतात. या नऊ दिवसांत बाईची ओळख अमक्याची बायको किंवा अमक्या कारखान्याची कामगार एवढीच उरत नाही. कुणाला किती गाणी येतात, कुणाचा आवाज कुठवर पोचतो, यावर तिचा मान ठरतो. तेलंगणाने २०१४ मध्ये बतुकम्माला राज्य उत्सवाचा दर्जा दिला.

लेझीम हा मूळचा तालमीतला, पुरुषांचा खेळ. आता सोलापूरच्या गणेशोत्सवात मुली-स्त्रियांची पथकेही फेटे बांधून उतरतात. फेरात बायकांची तोंडे आत, एकमेकींकडे असतात. लेझमीत ती रस्त्याकडे असतात. चारचौघांत बाईने अंग मोकळे करू नये हा दंडक इथे उघडपणे मोडतो, आणि तोही देवाच्या मिरवणुकीत, घरच्यांच्या देखत. हा बदल फार मोलाचा आहे.

रिंगणात कुणी यायचे, हा प्रश्न मात्र पुरता सुटलेला नाही. मंगळागौरीच्या खेळांना अनेक घरांतून अजून सवाष्णींनाच बोलावणे जाते. याच जिल्ह्यातील करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांनी विधवा प्रथांविरुद्ध मोहीम चालवली. तिला प्रतिसाद देत कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पण विधवांना फेरात येण्याचे बोलावणे अजून प्रत्येक अंगणातून गेलेले नाही.