ब्लफ (यूटा)

अमेरिकेच्या यूटा राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातील, सान वान नदीच्या उत्तर काठावरील छोटे गाव. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या सुमारे अडीचशे स्त्री-पुरुष व मुलांनी ते 6 एप्रिल 1880 रोजी वसवले. मॉर्मनांच्या शेकडो वसाहतींत लोकसंख्येने ब्लफ नगण्यच. तरी तिथवर पोहोचण्याची वाट आणि नंतर तग धरण्याची धडपड या दोन गोष्टींमुळे सीमावर्ती वसाहतींच्या इतिहासात या गावाला मोठे स्थान आहे.

1847 मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात स्थिरावल्यावर मॉर्मन नेतृत्वाने चहूबाजूंना गावे वसवायला सुरुवात केली. कोणी कुठे जायचे हे पुष्कळदा पंथच ठरवी. सभेत नावे पुकारली जात आणि बहुतेक कुटुंबे तो धर्मादेश मानून चांगली घरे-शेते सोडून निघत. 1878 च्या अखेरीस नैर्ऋत्य यूटातील कुटुंबांना अशीच हाक आली. सान वानच्या खोऱ्यात पंथाचे पाय रोवणे, गुरांच्या बाहेरच्या मोठ्या मालकांना व लुटारूंना तिथे जम बसवू न देणे आणि नाव्हाहो, यूट, पायूट या तिथल्या मूळ रहिवाशांशी सलोखा जोडणे, अशी कामे त्यांच्यावर सोपवली होती.

1879 च्या उन्हाळ्यात टेहळणी तुकडीने दोन वाटा पाहिल्या. दक्षिणेकडच्या वाटेवर पाण्याचे दुर्भिक्ष होते आणि नाव्हाहोंचा विरोधही. उत्तरेकडची फारच लांबची ठरली. म्हणून एस्कलांटी या गावावरून सरळ पूर्वेला जाणारी, कोणी नीट न पाहिलेली तिसरी वाट निवडली गेली. अंतर जेमतेम 300 किमी. सहा आठवड्यांचा अंदाज होता, प्रत्यक्षात जवळजवळ सहा महिने गेले. सायलस स्मिथ हे प्रमुख, तर प्लॅट लायमन त्यांचे सहायक. पैसा व सुरुंगाची दारू मिळवण्यासाठी स्मिथ परतल्यावर ताफ्याची धुरा लायमन यांनीच वाहिली.

कोलोरॅडो नदीच्या काठी ताफा अडला. नदी सुमारे 300 मीटर खाली, मधे उभा कडा आणि त्यात माणूस जेमतेम शिरेल अशी एक घळ. मागे डोंगरात बर्फ पडून परतीची वाट बंद झालेली. ही घळ, ‘होल इन द रॉक’, रुंद करण्यात कडाक्याच्या थंडीतले सहा आठवडे गेले. सुरुंगाचे काम जाणणारे बेंजामिन आणि हायरम पर्किन्स हे वेल्समधील खाणकामगार बंधू इथे मोलाचे ठरले. खालच्या टप्प्यात कडा फोडून पुरेशी रुंदी मिळेना, तेव्हा खडकात ओळीने भोके पाडून ओकच्या मेखा ठोकल्या आणि त्यांवर ओंडके, झाडोरा व दगड रचले. गाडीचे आतले चाक खडकावर, बाहेरचे या टेकूवर, असा तो रस्ता होता. 26 जानेवारी 1880 रोजी गाड्या उतरू लागल्या: मागची चाके साखळदंडांनी जखडलेली, मागे दोर धरून पुरुष ओढून धरत. एकूण 80 च्या वर गाड्या उतरल्या. दिवसभर इतरांना मदत करणारे स्टॅनफर्ड स्मिथ यांची गाडी शेवटी राहिली आणि माणसे तोवर खाली गेली होती. त्यांची पत्नी अ‍ॅराबेला यांनी तीन मुले माथ्यावर बसवली आणि गाडीच्या मागे बांधलेल्या घोड्याला ताण देत स्वतः गाडीसोबत उतरल्या. पायाला मोठी जखम झाली, तरी गाडी सुखरूप पोहोचली. ही कथा पुरुषांच्या पराक्रमाइतकीच सांगितली गेली पाहिजे.

नदी चार्ल्स हॉल यांनी बांधलेल्या तराफ्यावरून ओलांडली, पण पलीकडचा प्रदेशही तितकाच कठीण निघाला. शेवटच्या सान वान टेकडीवर घोड्यांच्या सात-सात जोड्या जुंपाव्या लागल्या. जनावरे गुडघ्यांवर कोसळत, रक्तबंबाळ होत. ठरलेले ठिकाण, माँटेझुमा क्रीक, अजून सुमारे 30 किमी दूर होते. माणसे व जनावरे इतकी थकली होती की बहुतेकांनी आहे तिथेच मुक्काम केला. म्हणजे गावाची जागा सुपीकतेने ठरली नाही, थकव्याने ठरली, आणि पुढच्या साऱ्या अडचणींचे मूळ इथेच आहे.

जमीन थोडी होती. चिठ्ठ्या टाकून तिची वाटणी झाली, तरी ती पुरेना आणि काही कुटुंबे लगेच पुढे गेली. कॉटनवुड झाडाच्या ओंडक्यांची, मातीच्या छताची घरे चौकोनात, आत तोंड करून बांधली, त्यामुळे गावालाच गढीचे रूप आले. खरा झगडा पाटाशी होता. काठ वाळूचा, नदी गाळाने भरलेली आणि पात्र बदलणारी. पूर आला की पाट वाहून जाई, मग पुन्हा खोदाई. पुरुष रोख पैशासाठी कोलोरॅडोत रेल्वेच्या कामावर जात. 1884 च्या पुराने तर कळस केला. पंथाच्या नेत्यांनी जाऊ इच्छिणाऱ्यांना मोकळीक दिली. तरीही काही कुटुंबे राहिली, त्यांत बिशप येन्स नीलसन हे प्रमुख. 1856 मध्ये हातगाड्या ओढत यूटाकडे निघालेल्या मॉर्मनांच्या प्रवासात हिमात पाय गोठलेले हे डॅनिश गृहस्थ गावाचा आधारवड होते.

शेतीवर विसंबण्यात अर्थ नाही हे ओळखून गावाने सामाईक कळप उभारला. 1882 मध्ये सहकारी दुकान सुरू झाले होतेच. तिथे नाव्हाहोंची लोकर व घोंगड्या येत. गुरे आणि नंतर मेंढ्या यांवर गाव सधन झाले, दगडी घरे उभी राहिली. इथलीच कुटुंबे पुढे माँटिसेलो आणि ब्लँडिंग या गावांत गेली.

ही भूमी ओसाड नव्हती. वसाहतीच्या गुरांनी ज्या कुरणांचा फडशा पाडला, ती यूट व पायूटांची शिकारीची भूमी होती. सलोख्याचा उद्देश प्रामाणिक असला तरी उपासमारीचा भार त्यांच्यावर पडला. हा तणाव 1923 च्या पोझी संघर्षात फुटला. पायूट पुढारी पोझी त्यात जखमी होऊन मरण पावला, त्याच्या लोकांना डांबून ठेवले गेले आणि पुढे छोट्या जमिनींच्या तुकड्यांवर बसवले गेले.

कोलोरॅडोवरील जुन्या उतारवाटेचा खालचा भाग ग्लेन कॅन्यन धरणाच्या जलाशयात गेला. ब्लफमध्ये जुन्या गढीची घरे पुन्हा उभारली आहेत. 2018 मध्ये गावाला स्वतःची नगरव्यवस्था मिळाली. 2016 मध्ये पाच आदिवासी राष्ट्रांच्या मागणीवरून संरक्षित झालेला ‘बेअर्स इअर्स’ प्रदेश ब्लफला लागूनच आहे.