कोलॅजेन एक की चार? गर्भाच्या आतड्यातल्या त्या रेघेविषयी

गर्भाच्या आतड्याच्या स्लाइडवर एपिथेलियमच्या (आतड्याला आतून झाकणाऱ्या पेशींच्या थराच्या) लगेच खाली बारीक रेघ दिसते. बडोद्यातल्या प्रॅक्टिकलच्या वह्यांमध्ये तिच्यापुढे सरसकट ‘बेसमेंट मेम्ब्रेनचे कोलॅजेन’ असे लिहिलेले असते. बेसमेंट मेम्ब्रेन म्हणजे एपिथेलियमला टेकू देणारा पातळ थर, आणि त्याचे कोलॅजेन (आधार देणारे प्रथिन) म्हणजे कोलॅजेन चार. पण रेघ त्याचीच आहे का? आधी जाडी पाहा. बेसमेंट मेम्ब्रेनचा दाट थर ५० ते १०० नॅनोमीटरचा असतो आणि साधा मायक्रोस्कोप सुमारे २०० नॅनोमीटरच्या आतले काही सुटे करून दाखवू शकत नाही. म्हणजे दोन-तीन मायक्रॉनचा पट्टा दिसत असेल, तर त्यातला बहुतेक भाग खालच्या तंतूंचा, कोलॅजेन एक आणि तीनचा आहे.

कोलॅजेन एक आणि कोलॅजेन चार, दोन्ही तीन साखळ्यांचा पीळ असलेली, पण रचना अगदी निराळी. कोलॅजेन एकचा रेणू सुमारे ३०० नॅनोमीटरचा, सरळ आणि ताठ. पेशीबाहेर त्याची टोके कापली जातात, मग रेणू शेजारी शेजारी बसून तंतू होतो आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ६७ नॅनोमीटरच्या अंतराने पट्टे दिसतात. कोलॅजेन चारच्या पिळात मध्येमध्ये खंड असतात, म्हणून तो वाकतो. त्याची टोके कापली जात नाहीत, उलट त्याच टोकांनी रेणू एकमेकांत गुंततात आणि जाळी विणली जाते. तिच्यात पट्टे शोधू नयेत.

रंगाने फसगत होते ती इथे. मॅसन ट्रायक्रोम या रंगपद्धतीतला निळा रंग तंतूंचा, त्यावरून कोलॅजेन चारबद्दल काहीही ठरत नाही. पीएएस या शर्करा रंगवणाऱ्या पद्धतीतली किरमिजी रेघ बेसमेंट मेम्ब्रेनच्या शर्करांची असते खरी, पण गर्भाच्या आतड्याच्या पेशींत ग्लायकोजेन (साठवलेली शर्करा) भरपूर असते. स्लाइडवर आधी डायस्टेज (ग्लायकोजेन पचवणारे एन्झाइम) न चालवल्यास पेशींचा तळही किरमिजी होतो आणि रेघ त्यातच हरवते.

खात्री हवी तर अँटिबॉडीच, म्हणजे नेमक्या एकाच प्रथिनाला चिकटणारे प्रथिन. फॉर्मॅलिनने कोलॅजेन चारची अँटिबॉडी चिकटायची जागा झाकली जाते, म्हणून पॅराफिनच्या कापावर पेप्सिन (प्रथिने पचवणारे एन्झाइम) लागते. गर्भाचे ऊतक नाजूक, त्यामुळे ३७ अंशांवर पाच मिनिटांपासून सुरुवात करून वेळ हळूहळू वाढवावी. एकदम वीस मिनिटे ठेवल्यास व्हिलाय (आतड्यातली बोटांसारखी उंचवटे) सुटून वाहून जातात. गोठवलेल्या कापाला पेप्सिन नको, थंड ॲसिटोनमध्ये दहा मिनिटे पुरतात. मात्र पावसाळ्यात फ्रीझरमधून काढलेली डबी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर कापावर दव धरते. मे महिन्यात बडोद्याच्या कोरड्या उन्हाळ्यात उलटा त्रास: अँटिबॉडी कडांना सुकते आणि तिथे खोटा रंग चढतो. ओल्या फिल्टर पेपरची बंद डबी वापरावी, कडा वाचूच नयेत.

निकाल वाचताना केशवाहिन्यांकडे आधी बघा. त्यांच्याभोवती कोलॅजेन चार असतेच. तिथेही रेघ नसेल, तर दोष पद्धतीचा. ‘या वयात कोलॅजेन चार नाही’ असे लिहू नये. हा नियम अल्फा-१ आणि अल्फा-२ साखळ्यांपुरता. कोलॅजेन चारच्या साखळ्या एकूण सहा. गर्भाच्या आतड्यात अल्फा-५ आणि अल्फा-६ देखील सापडतात, पण त्यांच्यासाठी केशवाहिनी हा कंट्रोल (पद्धत चालली का ते दाखवणारा नमुना) चालत नाही. शेजारी त्वचेचा काप ठेवावा.

रेघ एपिथेलियमच्या पायाशी आहे म्हणून ती एपिथेलियमनेच बनवली, हाही घाईचा निष्कर्ष. कोंबडी आणि उंदीर यांची ऊतके एकत्र वाढवून १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आतड्यातले कोलॅजेन चार मेसेन्काइमकडून (एपिथेलियमखालच्या गर्भीय ऊतकाकडून) आलेले दिसले, बेसमेंट मेम्ब्रेनचाच दुसरा घटक हेपरान सल्फेट प्रोटिओग्लायकन मात्र एपिथेलियमकडून. जाळी एकीकडची, भरणा दुसरीकडचा. मेसेन्काइम काढून एपिथेलियम एकटे वाढवले आणि कोलॅजेन चारची सलग रेघ दिसली नाही, तर अँटिबॉडीला दोष देण्याआधी हे तपासावे.